विदर्भातली चारही राष्ट्रीय उद्यानं एकाच फेरीत, जमेल का?

शर्वरी_ठाणे

नमस्कार मंडळी,

येत्या मार्चमध्ये बाबांना घेऊन विदर्भात यायचं ठरवलंय. बाबा ७१ वर्षांचे, टपाल खात्यातून निवृत्त. गुडघे त्रास देतात, पण रोज सकाळी तलावपाळीला दोन फेऱ्या मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांचं जुनं वेड म्हणजे आकाश. आमच्या गच्चीवरून आता जेमतेम व्याध आणि मृगाचे तीन तारे दिसतात. मी पक्षी बघते, अजून शिकतेच आहे.

महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्यानं सहा. बोरिवलीचं तर येऊरच्या बाजूने आमच्या दारातच आहे, चांदोली दोन वर्षांपूर्वी झालं. उरलेली चारही विदर्भात: ताडोबा, पेंच, नवेगाव आणि मेळघाटातलं गुगामल. हातात दहा दिवस आहेत. एका एजंटकडे चौकशी केली तर ते म्हणाले, "ताडोबात सहा सफाऱ्या करा आणि परत या, बाकीकडे काही दिसत नाही." बाबांना हे पटलेलं नाही, मलाही नाही. चारही जंगलं सारखीच असतील तर एकच पाहू. पण ती खरंच सारखी आहेत का? आणि दहा दिवसांत चार म्हणजे नुसती धावपळ होईल का?

भटका_पुणे

ताई, मी तीनदा ताडोबा केलंय, तिन्ही वेळा वाघ दिसला. मेळघाटात दोन दिवस काढले, एक रानगवा आणि ढीगभर सागाची झाडं. वडिलांना वाघ दाखवायचा असेल तर चार दिवस ताडोबा आणि दोन दिवस पेंच, एवढंच करा. नागपूरपर्यंत विमानाने या म्हणजे बाबांची दगदग वाचेल. बुकिंग लवकर करा, शनिवार-रविवारच्या जागा सगळ्यात आधी जातात.

सातपुडा_गुरुजी

शर्वरीताई, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या जिल्हा परिषद शाळांवर २२ वर्षं मास्तर होतो, आता परतवाड्याला असतो. मेळघाट माझं नोकरीचं गाव, बाकीची तीन सुट्ट्यांमध्ये पुन्हा पुन्हा पाहिली. चारही जंगलं सारखी नाहीत, अजिबात नाहीत. सागाची झाडं तिन्हीचारी ठिकाणी भेटतील, पण जमीन वेगळी, पाणी वेगळं, माणसं वेगळी आणि बोलीसुद्धा वेगळी. दहा दिवसांत चारही होतात. फक्त सुरुवात पश्चिमेकडून करा आणि ताडोबा शेवटी ठेवा. ताडोबा आधी पाहिलं की माणूस बाकी ठिकाणी नुसता वाघ शोधत बसतो, बाकीचं डोळ्यांत शिरत नाही.

तारीख होळी बघून ठरवा. होळी पौर्णिमेची. तिच्यानंतर चार दिवसांनी मेळघाटात पोचलात तर होळीनंतर आठवडाभराने पेंचला असाल आणि तेव्हा चंद्र मध्यरात्रीनंतर उगवत असेल. हे का सांगतोय ते पेंचवर आलो की कळेल.

मेळघाटासाठी रेल्वेने बडनेरा किंवा अमरावती गाठा. तिथून परतवाडा, मग घाट चढून सेमाडोह. वनखात्याची राहायची सोय सेमाडोहला आहे, कोलकासला आहे. मला विचाराल तर कोलकास. विश्रामगृहाच्या खालीच सिपना नदी वळसा घेते. पहाटे चहा घेऊन बाबांना नुसतं तिथे बसवा, गुडघ्यांना काही त्रास नाही. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. सागाच्या नावाची नदी! कोरकू ही गोंडी किंवा मराठीच्या जवळची नाही, मुंडारी-संथाळीच्या कुळातली आहे, आणि त्या कुळाचं हे अगदी पश्चिमेकडचं टोक. मी रुजू झालो तेव्हा पहिलीची पोरं माझं मराठी ऐकून नुसती बघत राहायची. भाषा त्यांनी मला शिकवली, मग मी त्यांना बाराखडी शिकवली.

त्यातलीच एक गोष्ट सांगतो. तिसरीतला एक मुलगा सकाळी शाळेच्या वाटेवर मला थांबवून म्हणाला, "गुरुजी, कुला." कुला म्हणजे वाघ. धुळीत पंजा उमटलेला. मी विचारलं, कधीचा? तो उकिडवा बसला आणि काडीने दाखवायला लागला. सगळ्या धुळीवर दवाचे बारीक बारीक खड्डे पडले होते, पंजाच्या आतली धूळ मात्र गुळगुळीत. म्हणजे दव पडून गेल्यावर वाघ इथून गेला, अगदी पहाटे. आठ वर्षांचं पोर! त्या दिवशी मी वर्ग त्या वाटेवरच भरवला. तुमच्या गाईडला असे ठसे दाखवायला सांगा, तो आनंदाने दाखवील.

मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, १९७३-७४ चा. गुगामल हा त्याचा गाभा, ३६१ चौरस किलोमीटर, तुमच्या चारांत सगळ्यात मोठा. त्यातला थोडाच भाग पर्यटकांना पाहता येतो आणि ते बरंच आहे. डोंगर उभे, दऱ्या खोल, झाडी दाट, म्हणून वाघ असूनही दिसत नाही. दिसतो तो रानगवा, अस्वल, आणि नशिबाने साथ दिली तर रानपिंगळा. ताई, तुम्ही पक्षी बघता म्हणून मुद्दाम लिहितो. हे छोटं घुबड १८८४ नंतर कुणालाही दिसलं नव्हतं, नाहीसं झालं असंच धरून चालले होते. १९९७ मध्ये ते शहाद्याजवळ पुन्हा सापडलं आणि पुढे मेळघाटातही. ते दिवसाउजेडी निष्पर्ण फांदीवर बसतं. मार्चमध्ये साग उघडा पडलेला असतो, त्यामुळे शोधायला सोपं जातं. एखादं कोवळं सागाचं पान मिळालं तर दोन तळव्यांत चोळून पाहा, हात मेंदी लावल्यासारखे लाल होतात. आमच्या शाळेत रंगपंचमीला पोरं हाच रंग वापरायची.

चिखलदऱ्याला जाताना वैराटवर थांबा. मेळघाटात वैराट, बोरी, कोहा, कुंड अशी गावं होती, ती बाहेर हलवली. गावांच्या जागी आता गवत माजलंय आणि गवे चरतात. जंगलासाठी ते चांगलं झालं हे मी मान्य करतो. पण खाली अकोटकडे वसवलेल्या कितीतरी कुटुंबांना तिथलं रान मानवलं नाही, काही जण परतही आले होते. गवताकडे बघताना तिथे चुली होत्या हे बाबांना सांगा.

आता पेंच. मेळघाटातून नागपूरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पेंचजवळचं सिल्लारी गाव. पेंच नदी उद्यानाच्या मधून वाहते, अर्धं रान मध्य प्रदेशात, अर्धं आपल्याकडे. आपल्याकडचं राष्ट्रीय उद्यान १९७५ चं, २५७ चौरस किलोमीटर. मेळघाटाच्या मानाने जमीन मवाळ, उघडी. इथे कुलूचं झाड बघा. पांढरीफटक साल, कागदासारखी सुटत जाणारी, मार्चमध्ये अंगावर एक पान नाही. संधिप्रकाशात टेकडीवर माणूस उभा असल्यासारखं वाटतं.

आणि आता बाबांसाठी. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातलं पेंच हे भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार राखलेलं उद्यान, जाहीर झालं. सिल्लारी, वाघोली, पिपरिया, खापा या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून उजेड खाली राहील असे बसवले. वाघोली तलावाजवळ आकाशदर्शनाची सोय केलीय, दुर्बीण आहे. होळीनंतर सातव्या-आठव्या रात्री तिथे असाल तर संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत चंद्र नाही. मृग मावळतीकडे, सिंह डोक्यावर, उशिरा पूर्वेला चित्रा. मी स्वतः तिथे कृत्तिकांतले तारे नुसत्या डोळ्यांनी मोजलेत, सातव्यापाशी अडलो, पण सहा नक्की. जाण्याआधी सिल्लारीच्या वनखात्याकडे फोन करून वेळ ठरवा.

जबलपूर रस्त्याने जाल तेव्हा एक गोष्ट वरून दिसणार नाही म्हणून सांगतो. पेंचच्या जंगलातून जाणारा हा महामार्ग चौपदरी केला तेव्हा जनावरांना खालून जायला पूल आणि भुयारी वाटा मिळून नऊ ठिकाणं सोडली. तिथल्या कॅमेऱ्यांत चितळ, गवे, रानकुत्री आणि वाघसुद्धा खालून जाताना टिपले गेलेत. वरून ट्रक, खालून वाघ. हे व्हावं म्हणून लोक वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या करत होते.

नवेगावबद्दल उद्या लिहितो, बोटं दुखायला लागली.

शर्वरी_ठाणे

गुरुजी, तुमचं सगळं बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. दवाचे खड्डे आणि धूळ हे त्यांनी दोनदा वाचायला लावलं. होळीनंतरची तारीख लगेच कॅलेंडरवर खुणावली आहे. नवेगावची वाट बघतोय. आणि ताडोबातून कुणी असेल तर मला हे सांगा: जिप्सीत चढणं-उतरणं आणि धक्के बाबांना झेपतील का? एवढी गर्दी असते म्हणतात, ती टाळता येते का?

सातपुडा_गुरुजी

नवेगाव. हे उद्यानही १९७५ चं, १३४ चौरस किलोमीटरच्या आसपास, चारांत सगळ्यात शांत. इथे जंगलाआधी तळं पाहायचं. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी कोलू पाटील कोहळी यांनी बांध घातला असं सांगतात. सात टेकड्या भोवती, त्यांना सात बहिणी म्हणतात, आणि बांधावर कोलासूर देव. भंडारा-गोंदियाच्या कोहळी लोकांचं तळी बांधण्याचं कसब फार जुनं आहे. तुम्हाला वाटेत जागोजाग बोड्या, म्हणजे छोटी तळी, आणि जुन्या मालगुजारांच्या काळचे मालगुजारी तलाव दिसतील, त्यांच्या पाण्यावर अख्ख्या मुलखाचा भात पिकतो. म्हणून म्हणतो, मेळघाटात डोंगराने जंगल राखलं, इथे माणसाने बांधलेल्या पाण्याने राखलं.

मार्चमध्ये हिवाळी बदकं परतीला लागलेली असतात, काही उशिरा राहिलेली भेटतील. पण कमळपक्षी, जांभळ्या पाणकोंबड्या, अडई बारमाही आहेत. काठावर सकाळी दोन तास बसलात तर वही भरेल. गोंदियाकडे शेतात सारस जोडी दिसू शकते. आपल्या राज्यात सारस उरले आहेत ते मुख्यतः याच भागात. शेताच्या बांधावरून, लांबूनच पाहा, जवळ जाऊ नका.

नवेगावला लागूनच नागझिरा अभयारण्य, दोन्ही मिळून २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प झालाय. साकोलीहून पिटेझरी गेटने आत जाता येतं. रानकुत्र्यांची टोळी बघायची तर नागझिरा. आम्ही एकदा अकरा मोजली, तळ्याच्या काठावर पिल्लांसारखी एकमेकांवर उड्या मारत होती. वाघ कमी होते म्हणून २०२३ च्या मे महिन्यात ब्रह्मपुरी भागातल्या दोन वाघिणी आणून इथे सोडल्या. चंद्रपूर जिल्ह्यात वाघ मावत नाहीत आणि शेजारच्या जंगलात जागा आहे, अशी स्थिती. भटकाभाऊंनी ताडोबात तीनदा वाघ पाहिला आणि मेळघाटात एकदाही नाही, त्यावरून जंगलाची किंमत ठरवू नये असं मला मनापासून वाटतं.

ताडोबाबद्दल तिथल्याच माणसाने लिहावं.

अंधारीकाठ

नमस्कार. मी ताडोबाच्या मोहर्ली भागात गाईड आहे, सात वर्षं झाली. आमच्याकडे गाईडचं काम करणाऱ्या बऱ्याच बाया आहेत.

ताई, वडिलांना नक्की आणा. जिप्सीत मागच्या रांगेत बसवू नका, ती चाकावर येते, धक्के तिथेच जास्त. मधल्या रांगेत बसवा आणि कमरेमागे छोटी उशी द्या. चढायला लहान स्टूल असतं, नसेल तर गेटवर मागा, लाजायचं नाही. सकाळच्या फेरीला अंगावर शाल हवी, दहा वाजता तीच डोक्यावर घ्यावी लागते. मंगळवारी ताडोबा बंद असतं, तो दिवस प्रवासाला ठेवा. कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या गाभ्यात, मोबाईल नेता येत नाही, तो गेटवर ठेवावा लागतो. हा नियम आला तेव्हापासून माणसं झाडांकडे बघायला लागली, हे मी रोज बघते.

गर्दीचं म्हणाल तर मोहर्ली आणि कोलारा ही मोठी गेटं. शनिवार-रविवार सोडून या, एक फेरी कोअरची आणि एक बफरची, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातली, घ्या. बफर म्हणजे दुय्यम असं समजू नका. आगरझरी, देवाडा, जुनोना इकडे गाड्या कमी असतात आणि जिप्सी चालवणारी, वाट दाखवणारी सगळी आसपासच्या गावची पोरं असतात.

ताडोबा हे राज्यातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५५ चं. नाव तारू देवावरून. तारू हा गावाचा मुखिया, वाघाशी लढताना गेला, असं आमचे म्हातारे सांगतात. तळ्याच्या काठी मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं आहे, पौषात गोंड लोक दर्शनाला येतात. त्याच तळ्यात मगरी आहेत. रस्त्याच्या कडेला दगडी खांब दिसतील, ते गोंड राजांच्या काळचे.

आता एक मनातलं. वानर खेकसलं की सगळे म्हणतात, चला, चला, वाघ. वानर बिबट्यालाही ओरडतं, कधी नुसतंच घाबरतं. सांबर तसं नाही. सांबराने "ढांक" केलं, थांबलं, परत "ढांक" केलं, तर तिथे नक्की काहीतरी आहे. मग गाडी बंद करायची आणि बसायचं. वीस मिनिटं, अर्धा तास. गेल्या वर्षी एका गटाने चालकाला एवढं टोचलं की तो निघाला, आणि आम्ही वळणावर गेलो तेव्हा मागच्या गाडीसमोर वाघीण रस्त्यावर आली. तुम्ही चालकाला पळवू नका एवढीच विनंती.

आणि मार्चमध्ये मोह गळायला लागतो. बफरच्या गावांत बाया पहाटे अंधारात टोपली घेऊन जातात, मे महिन्यात तेंदूपत्त्याला जातात. वाघही तेव्हाच फिरतो. आमच्या जिल्ह्यात दर उन्हाळ्यात माणसं जातात. माझ्या शेजारची काकू गेली, मोह वेचायला वाकली होती. २०२२ च्या गणनेत राज्यात ४४४ वाघ निघाले, २०१४ मध्ये १९० होते. हे ऐकून आम्हालाही अभिमान वाटतो. पण वाघ वाढले तेव्हा त्यांच्या शेजारी आम्हीच राहत होतो, हे येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. गावात मोहफुलं वाळत घातलेली दिसली तर थांबा, विचारा, बाया बोलतील.

भटका_पुणे

गुरुजी, मान्य. मी मेळघाटात दोन दिवस गाडीतच होतो, खाली उतरून नदीकाठी बसलोच नाही. पुढच्या हिवाळ्यात कोलकासला येतो. बुद्धपौर्णिमेला मचाणावर रात्र काढता येते असं ऐकलंय, ते खरं का?

सातपुडा_गुरुजी

खरं आहे. निसर्गानुभव म्हणतात त्याला. उन्हाळ्यात पाणवठ्याकाठच्या मचाणावर रात्रभर बसायचं आणि येणाऱ्या जनावरांची नोंद करायची. नावनोंदणी आधी करावी लागते. बोलायचं नाही, अत्तर लावायचं नाही, विजेरी सारखी पेटवायची नाही. माझ्या शेवटच्या मचाणावर रात्री दोन वाजता अस्वल आलं, पिल्लू पाठीवर. आई पाणी प्यायली तरी पिल्लू खाली उतरलं नाही, तिच्या केसांना घट्ट धरून होतं.

अंधारीकाठ, तुमच्या काकूंचं वाचून फार वाईट वाटलं. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

शर्वरी_ठाणे

ठरलं. होळीनंतर चौथ्या दिवशी अमरावती. कोलकास तीन रात्री, नागपूर एक, सिल्लारी दोन, नवेगावबांध दोन, मोहर्ली दोन, त्यातली एक फेरी कोअर आणि एक बफर. अंधारीकाठ, तुम्हीच गाईड म्हणून मिळालात तर आम्हाला फार आवडेल. बाबांनी माळ्यावरून जुना ताऱ्यांचा नकाशा काढलाय, घड्यांवर फाटला होता, मागून पारदर्शक चिकटपट्टी लावत बसलेत. गुरुजी, एकच राहिलं. होळीनंतर चारच दिवसांनी घाटात येणार, रस्त्याला काही अडचण नाही ना?

सातपुडा_गुरुजी

अडचण नाही, पण अडवतील जरूर. होळी हा कोरकूंचा वर्षातला सगळ्यात मोठा सण, बाहेरगावी मजुरीला गेलेली माणसं त्यासाठी घरी येतात. मग पोरं, बाया, म्हातारे रस्त्यावर दोर किंवा बांबू आडवा धरून फगवा, म्हणजे होळीचे पैसे, मागतात. ढोलकी-बासरी वाजते, नाचतात, पैसे घेतात आणि हसून वाट देतात. काही ठिकाणी चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत चालतं. दहा दहाच्या नोटा परतवाड्यालाच सुट्या करून घ्या, घाटात सुटे मिळत नाहीत. काच खाली करून बाबांच्या हातून द्या. आणि परतवाड्याला आलात की एक फोन करा, नंबर निरोपात पाठवतो. सकाळचे पोहे आमच्याकडे, तर्रीसकट.